चार गाठींवरची बाई

कॉलेजच्या ऑफिसातून फोन आला तेव्हा हलूनका अर्ध्या गालाला साबण लावून बसले होते. पलीकडचा क्लार्क अगदी मऊ आवाजात म्हणाला, की काका, आता वेळ झाली, सामान आवरायला घ्या. एकाहत्तराव्या वर्षी असं काही कानावर पडलं की माणूस आधी वर बघतो. हलूनकांनीही बघितलं. छताला जळमटं होती, बाकी कोणी नव्हतं. मग क्लार्कने उलगडून सांगितलं, की सायन्सची जुनी इमारत पाडायची ठरलीय, तळमजल्यावरच्या फोटोच्या खोलीला अजून तुमचंच कुलूप आहे, पंधरा दिवसांत काय ते न्या, नंतर आम्ही जबाबदार नाही. क्लार्क मंडळी तशीही कशाला जबाबदार नसतात, पण सांगून ठेवायची पद्धत असते.

हलूनका हे आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे, एवढं तुम्ही ओळखलंच असेल. छत्तीस वर्षं ते त्या कॉलेजचे फोटोग्राफर होते. ओळखपत्राचा फोटो असो, वर्गाचा असो, निवृत्त होणाऱ्या प्राचार्यांचा असो, काळ्या डब्यावर वाकून ते एकच ओरडायचे, ‘हलू नका!’ पोरं इतकी घाबरायची की श्वास कोंडून, डोळे वटारून बसायची. त्या कॉलेजातून पुढे डॉक्टर झाले, वकील झाले, दोघंतिघं तर न्यायाधीश झाले. त्यांची ओळखपत्रं एका ओळीत लावली तर वाटावं, आताच सगळ्यांना चोरी करताना धरलंय.

तर हलूनका गेले. कुलूप तेल पाजून उघडलं. आत दोन खोल्या होत्या. पुढची फोटोची, म्हणजे एक करडा पडदा आणि त्याच्यापुढे गोल स्टूल; आणि तिच्या बाजूच्या दारातून आत गेलं की फोटो धुण्याची अंधारी खोली. दार उघडल्याबरोबर हायपोचा, म्हणजे फोटो उजेडात टिकवणाऱ्या औषधाचा, आंबट वास नाकात शिरला. वासाला वर्षं कळत नाहीत. कपाटात जुना डब्बा कॅमेरा होता, त्याची तीन पायांची तिकाटणी होती, पत्र्याच्या पेटीत एक न वापरलेला रोल होता, बारा फोटोंचा. तारीख कधीच उलटून गेलेली. आणि खुंटीला दोरी टांगलेली होती.

या दोरीबद्दल सांगायला हवं. त्या कॅमेऱ्यातून फोटो साफ येणार की पुसट, हे बघून कळायचं नाही. माणूस किती फुटांवर उभा आहे ते मोजायचं आणि तो आकडा भिंगावर लावायचा. त्यासाठी ही सुती दोरी होती, फुटाफुटावर गाठ मारलेली. एक टोक हलूनकांच्या हातात, भिंगाशी, जास्तीची दोरी मुठीत गुंडाळलेली. दुसरं टोक त्यांच्या बायकोच्या हातात. ती फोटोच्या जागी जाऊन उभी राहायची, टोक नाकाशी धरायची, दोरी ताणायची. हलूनका गाठी मोजायचे, आकडा लावायचे आणि दोरीला दोन हिसके द्यायचे. दोन हिसके म्हणजे झालं, सरक. की ती बाजूला व्हायची, आणि तिच्या जागी पोरं येऊन बसायची.

छत्तीस वर्षं. हजारो वेळा. कॅमेरा दर वेळी आधी तिच्यावर लागला आणि खटका दाबायच्या आत ती चौकटीबाहेर गेली. त्यामुळे झालं असं, की साऱ्या शहराचे चेहरे ज्याने काढले, त्याच्याकडे स्वतःच्या बायकोचा एकही फोटो नव्हता. लग्नातला होता, नाही असं नाही. पण तो हलूनकांनी स्वतःच काढलेला. कॅमेऱ्याला किल्ली देऊन, पळत जाऊन नवरीशेजारी उभं राहायचं ठरलं होतं. पळता पळता सतरंजीत पाय अडकला आणि नवरदेव नवरीवर जाऊन आदळला. फोटोत एक पांढरा फराटा आहे. तो नवरीचा चेहरा. जन्मभर जगाला हलू नका म्हणणारा माणूस एकदाच हलला, तोही नेमका कुठे बघा.

ती जाऊन सात वर्षं झाली होती. आणि गेल्या वर्षापासून हलूनकांना एक भीती लागली होती, जी त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. तिचा चेहरा जात चालला होता. आवाज होता, जिन्यावरची पावलं होती, तपकिरी स्वेटरचा वास होता. चेहरा मात्र हायपोत न घातलेल्या फोटोसारखा उजेडात काळवंडत चालला होता. आज कपाळ गेलं, उद्या हनुवटी.

म्हणून त्या दिवशी त्यांनी सामान बांधलं नाही. रोल कॅमेऱ्यात घातला, दोरी खिशात कोंबली. छत्तीस वर्षं दुसऱ्यांनी सांगितले ते फोटो काढले. आता हे बारा आपल्यासाठी. कॉलेज फिरायचं, शहर फिरायचं, ती जिथे जिथे दोरी धरून उभी राहिली त्या जागांचे फोटो काढायचे. रिकाम्या जागा तरी राहतील.

पहिला फोटो कॉलेजच्या मोठ्या पायऱ्यांचा. सुटीचा दिवस, सकाळचे दहा. तिसऱ्या पायरीवर त्यांनी दोरीचं टोक एका दगडाखाली ठेवलं, उलट्या पावलांनी कॅमेऱ्याशी आले आणि दोरी सरळ करायला जरा ओढली. दगडाखालून टोक सुटलं. हलूनकांनी मनातल्या मनात दगडाला शिवी घातली. पण टोक खाली पडलं नाही.

ते वर गेलं. संथपणे, कोणी गुडघ्यावर हात ठेवून उठावं तसं. छातीइतक्या उंचीवर येऊन थांबलं, आणि दोरी ताणली गेली.

वारा नव्हता. दोरी तारेसारखी सरळ होती आणि तिच्या पलीकडच्या टोकाला पायऱ्या होत्या, ऊन होतं, बस्स. डोळे आपोआप गाठींवरून धावले: अठरा. बोटांनी आपोआप भिंगावर अठरा लावले. आणि मग तितक्याच आपोआप, छत्तीस वर्षांच्या सवयीने, हाताने दोन हिसके दिले.

दोरी सैल होऊन पायऱ्यांवर पडली.

मग त्यांनी खटका दाबला, कारण दुसरं काय करावं ते सुचेना.

घरी येऊन त्यांनी हे धाकटीला सांगितलं. धाकटी म्हणजे त्यांची मेहुणी, बायकोची पाठची बहीण. एकटी, त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायची. कॉलेजच्या टेलिफोनवर तिने तीस वर्षं काढलेली, त्यामुळे बोलणं अजून असं, की पलीकडचा दुसऱ्या गावाहून ऐकतोय. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, भाऊजी, ब्लडप्रेशरची गोळी दोनदा घेतलीत की एकदाही नाही? हलूनका चिडून उठले. जिन्यावरून तिचा आवाज मागे आला, की दोरीच्या टोकाला ताई असेल तर माझा निरोप सांगा, माझी मोठी कात्री तिने कुठे ठेवली तेवढं विचारा.

दुसऱ्या दिवशी लायब्ररीचा व्हरांडा. तिथे चौदाच गाठींवर दोरी ताणली गेली. या वेळी हलूनकांनी हिसका दिला नाही. नुसते धरून उभे राहिले. दोरी जिवंत होती. तिच्यातून एक बारीकशी थरथर येत होती, एखाद्याने फार वेळ हात वर धरला की येते तशी. पाऊण तास ते तसेच उभे होते. रखवालदार दोनदा येऊन बघून गेला. तिसऱ्यांदा त्याने विचारलं, की काका, मासा मोठा आहे का? हलूनका त्याच्याकडे बघून हसले, आणि त्या रखवालदाराने नंतर कँटीनमध्ये सांगितलं, की म्हाताऱ्याला इतकं खूश कधी बघितलं नव्हतं.

पण फोटो काढायचा म्हटलं तर अडचण होती. कॅमेऱ्याचा खटका गंजून घट्ट झाला होता. एका हाताने डबा दाबून धरल्याशिवाय दुसऱ्याने तो खाली जात नव्हता, आणि गेलाच तर सगळा कॅमेरा हलत होता. म्हणजे दोन्ही हात हवेत, म्हणजे दोरी सोडायला हवी. सोडली की पलीकडचंही टोक पडायचं. तिकाटणीला बांधून पाहिली, तर दोरी उठलीच नाही. तिला खुंटी नको होती, माणूस हवा होता. एकदा बाजारच्या घड्याळाखाली त्यांनी दोरी दातांत धरली. पलीकडून ओढ आली आणि कवळी बाहेर आली. दोन भाजीवाल्या पोट धरून हसल्या. हलूनकाही हसले. कवळी पुसताना त्यांच्या लक्षात आलं, की दोरी या वेळी अकरा गाठींवर होती.

मग ते रोज निघू लागले. जुनं पोस्ट, मैदानाचा कठडा, नदीवरचा पूल, जिथे एकदा कॉलेजच्या अंकासाठी फोटो काढताना ती थंडीने काकडत उभी राहिली होती. पुलावर दोरी नऊ गाठींची झाली. प्रत्येक जागी ती एखाददुसरी गाठ जवळ येत होती. हलूनका हे धाकटीला लहान मुलाने मार्क सांगावेत तसे येऊन सांगायचे. आज नऊ. आज आठ. धाकटी आता थट्टा करत नव्हती. एकदा तिने चहाचा कप खाली ठेवून विचारलं, की येतेय ते ठीक, पण कशाला येतेय? हलूनका म्हणाले, फोटो काढून घ्यायला. धाकटी म्हणाली, ताईला फोटोची हौस कधी होती? त्यावर हलूनकांनी तिच्या चहाला नावं ठेवली.

अकरावा फोटो हॉस्पिटलच्या बागेतल्या बाकाचा. तिथे काही ते कामाला कधी गेले नव्हते. तिथे ती गेली होती.

ही गोष्ट त्यांनी सात वर्षं पोटात ठेवलेली. शेवटच्या दुपारी तिला बोलता येत नव्हतं. तिने हलूनकांच्या शर्टाची बाही दोन बोटांत धरून ठेवली होती, अगदी दोरीचं टोक धरावं तशी. नर्सने कागदावर सही करायला बाहेर बोलावलं. हलूनका उठले, आणि बाही सोडवून घ्यायला त्यांनी हात जरा ओढला. एकदा सुटली नाही. म्हणून दुसऱ्यांदा. तिने त्यांच्याकडे बघितलं, बोटं उघडली, आणि आज्ञाधारकपणे बाजूला झाली. ते सही करून परत आले तेव्हा खाट होती, चादर होती, ती नव्हती. डॉक्टरांनी हृदयाचं काहीतरी कारण सांगितलं. हलूनकांना कारण माहीत होतं.

बाकापाशी दोरी सहा गाठींवर ताणली गेली. हलूनका तिच्या टोकाकडे बघून म्हणाले, "तेव्हा... ते हिसके नव्हते गं. मी परत येणार होतो." एवढंच. दोरीतली थरथर थांबली. मग त्यांनी ती हळूच सोडली आणि बाकाचा फोटो काढला. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या लाल खिडकीत आकडा सरकून बारा आला. एकच उरला होता.

त्या संध्याकाळी ते धाकटीकडे गेले आणि तिला सगळं सांगितलं, बाहीचं सुद्धा. ती नखाने टेबलावरचा डाग खरवडत बसली. हलूनका म्हणाले, कॅमेऱ्याला चार फुटांच्या आतलं साफ दिसत नाही. उद्या ती चारवर येईल. परवा तीनवर आली तर नुसता धूर निघेल. उद्या कोणीतरी दोरी धरायला हवी, म्हणजे माझे हात मोकळे. आणि ते जे ‘कोणीतरी’ म्हणाले, ते तिच्याकडे न बघता.

"मला तरी तिचा चेहरा कुठे धड आठवतो," धाकटी म्हणाली. मग लगेच, "नाही, आठवतो. खोटं बोलले. मी येते."

दुपारी दोनला दोघं सायन्सच्या इमारतीत शिरले. खिडक्यांची तावदानं मजुरांनी आधीच काढून नेली होती. व्हरांड्यात चुना पडलेला, पावलं करकरत होती. फोटोच्या खोलीत मात्र वीज होती. ऑफिसने तोडायला सांगितली असणार आणि कोणी तोडली नसणार, कारण ते ऑफिस होतं. हलूनकांनी दिवे लावले, करडा पडदा झटकला, स्टूल पुसलं. याच स्टुलावर त्यांची बायको दर वर्षी, दर पोराच्या आधी, एकेकदा बसून उठली होती.

त्यांनी दोरीचं एक टोक स्टुलावर ठेवलं, दुसरं भिंगाशी आणून धाकटीच्या हातात दिलं. सांगून ठेवलं, की काही झालं तरी हिसका द्यायचा नाही. शिंक आली तरी गिळायची.

काही क्षण काही नाही. बाहेर कुठेतरी हातोडा पडत होता, तोही थांबला. मग स्टूल कुरकुरलं, कोणी बसल्यावर कुरकुरतं तसं. दोरी उठली. धाकटीच्या तोंडून वारा गेल्यासारखा आवाज आला.

"भाऊजी... ओढ आहे."

"धरून ठेव."

"हातात... हात असल्यासारखं वाटतंय."

हलूनकांनी गाठी मोजल्या. एक, दोन, तीन, चार. चौथी गाठ बरोबर स्टुलाच्या वर, हवेत, एका बसलेल्या बाईच्या नाकाच्या उंचीवर. त्यांनी भिंगावर चार लावले. मागे धाकटी अगदी हळू, टेलिफोनवर कधी काढला नसेल अशा आवाजात म्हणाली, "ताई?"

दोरी जराशी सैल पडली. जणू पलीकडच्याने कोणाला हाक मारली ते बघायला मान वळवली.

"बोलू नकोस," हलूनका पुटपुटले. दोरी पुन्हा ताठ झाली. त्यांनी एका हाताने डबा दाबून धरला, दुसऱ्याने खटका. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा ते हलू नका म्हणाले नाहीत. खटका पडला.

दोरी अजून ताठच होती. मग धाकटीनेच तळहात उघडला आणि टोक खाली सोडलं. तिच्या हातावर लाल वळ उठला होता.

पुढचं काम अंधाऱ्या खोलीतलं. हलूनकांनी औषधं आदल्या दिवशीच कालवून ठेवली होती. रोल धुतला, पंख्यापुढे धरून वाळवला. धाकटी कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी होती. अकरा चौकटींत पायऱ्या होत्या, व्हरांडा, घड्याळ, पूल, बाक. सगळं साफ आणि सगळं रिकामं. बारावी चौकट हलूनकांनी दिव्यापुढे धरली नाही. धीर झाला नाही. सरळ कागदावर उमटवली, तांबडा बल्ब तेवढा ठेवला, आणि कागद औषधाच्या तबकात सोडला.

नळाचा थेंब पडत होता. वास दाट झाला होता. तबक हलवताना पांढऱ्या कागदावर आधी पडद्याची घडी आली. मग स्टुलाचा पाय. मग दोन हात. आणि मग, पाण्याखालून कोणी हळूहळू वर यावं तसा, चेहरा.

बाई होती. स्टुलावर ताठ बसलेली, केस मागे नेलेले, दोरीचं टोक उजव्या हाताने नाकाशी धरलेलं. भिवई न् भिवई साफ. ओठांच्या कोपऱ्यात हसू. भिंगात थेट बघत होती, जणू पुष्कळ वर्षं हेच बघायचं राहिलं होतं.

हलूनकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "हीच," ते म्हणाले. "हीच गं. मी कसा विसरलो होतो... हीच."

धाकटी वाकली. चष्मा वर केला, खाली केला. तबकाच्या काठावर दोन्ही हात टेकले. तांबड्या उजेडात तिचा चेहरा काळा दिसत होता.

"भाऊजी," ती म्हणाली, "ही ताई नाही."

ते हसले. म्हणाले, चष्म्याचा नंबर वाढलाय तुझा, डॉक्टरकडे जा. ती हलली नाही. तिने सांगितलं, की ताईची डावी पापणी जराशी खाली असायची, लहानपणी झोपाळा लागला होता तेव्हापासून. तो झोपाळा मीच सोडला होता, मी कशी विसरेन. आणि ताई कोणाकडे अशी थेट बघायची नाही. आणि हे कान, ही मान, यातलं काही आमच्या घरातलं नाही.

"उजेड पुरेसा नाही," हलूनका म्हणाले.

"आमच्या आईच्या पोटची ती. मला विचारा."

हलूनका कागदाकडे बघत राहिले. त्यांनी पापणी आठवून बघितली. डावी, उजवी, कोणतीही. आठवेना. त्या बाईच्या चेहऱ्याशी ताडून बघायला त्यांच्याजवळ दुसरा चेहराच नव्हता. ज्या जागी तो असायला हवा, तिथे आता ही बसली होती, छान ऐसपैस, आणि हसत होती. जी दोरी शहरभर गाठ गाठ जवळ येत गेली, तिचं पलीकडचं टोक कोणाच्या हातात आहे, हे विचारायचं त्यांना सुचलं नव्हतं. रिकाम्या जागेतून कोणीही ओ देऊ शकतं, हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"मग ती कुठे आहे?" त्यांनी विचारलं. हे त्यांनी धाकटीला विचारलं की फोटोला, ते कळलं नाही. आवाज एखाद्या हरवलेल्या पोराचा होता.

धाकटी अजून वाकलेलीच होती. तिने बोट पुढे केलं, औषधाला लागेल म्हणून काठाशीच थांबवलं.

"भाऊजी... हिच्या दुसऱ्या हातात काय आहे?"

फोटो अजून गडद होत होता. बाईचा डावा हात मांडीवर असावा असं आधी वाटलं होतं, पण तो मांडीवर नव्हता. तो बाजूला धरलेला होता, मूठ घट्ट मिटून. आणि त्या मुठीतूनही दोरी निघाली होती. सुती, गाठी मारलेली. ती ताणलेली होती, कोणीतरी पलीकडून धरल्याशिवाय दोरी ताणली जात नाही तशी, आणि फोटोच्या कडेकडे गेली होती.

हलूनकांनी खोलीचा नकाशा मनात मांडला. पडदा, स्टूल, कॅमेरा. ती कड कोणत्या बाजूची ते त्यांना बघताक्षणीच समजलं. फोटोच्या खोलीत काम असलं आणि दोन हिसके मिळाले, की बायको नेहमी त्याच बाजूला सरकायची, म्हणजे पोरांची गर्दी पायात येणार नाही. तिथे एक दार होतं. दारातून आत यायची, आणि अंधारात गुपचूप उभी राहून फोटो संपायची वाट बघायची. इथे. ज्या खोलीत आता ते दोघं उभे होते, तिथे.

"भाऊजी," धाकटी म्हणाली, "मोठा दिवा लावा."

बटण त्यांच्या हाताशी होतं. त्यांनी हात नेला, आणि बटणावरच ठेवला. मागे वळले नाहीत. वळावं असं वाटत होतं आणि वळू नये असंही, आणि दोन्ही एकाच ठिकाणी वाटत होतं, छातीच्या मधोमध. नळाचा थेंब पडायचा थांबला होता.

"अगं..." त्यांनी अंधाराला म्हटलं. सात वर्षांत कोणाला म्हटलं नव्हतं, तसं.

तबकात कागद तरंगत होता. फोटोच्या कडेपर्यंत त्या दुसऱ्या दोरीच्या तीन गाठी मोजता येत होत्या. त्यापुढे किती होत्या, ते फोटोत मावलं नव्हतं.